माहुलीची शिडी

शिडीचं लोखंड सकाळच्या उन्हातही गार आहे. आसनगावला कसारा लोकलमधून उतरून, रिक्षाने माहुली गावापर्यंत येऊन, महादेवाच्या देवळापाशी पाण्याच्या बाटल्या भरून तुम्ही दोन-अडीच तास सोंडेवरून चढत आला आहात. गुडघे बोलू लागलेत. खाली झाडीत तानसा तलावाचं पाणी चमकतंय. बाजूला नवरा, नवरी, करवली, भटोबा असं अख्खं वऱ्हाड सुळक्यांच्या रूपाने उभं आहे. एवढी शिडी चढली की माथा. मागून येणारी कॉलेजची पोरं आरोळी ठोकतात, तुम्ही तिला उत्तर देता आणि पुढची पायरी धरायला हात वर करता.

हाताला लोखंड लागत नाही. दोर लागतो.

वाखाचा दोर आहे, दोन बोटं जाड, तुमच्याआधी चढलेल्यांच्या घामाने ओला झालेला. ऊन गेलं आहे. फेब्रुवारी १६७० मधली रात्र आहे. पाठीला ढाल, पायांत काही नाही. तलवार कमरेला इतकी आवळून बांधली आहे की मूठ बरगडीत रुततेय. पडद्यावरचे मावळे ती दातांत धरतात. इथे पहिल्या दहा हातांतच कळतं की चढणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, दातांत काही धरायची सोय नसते.

डोळ्यांसमोर फक्त दोन टाचा आहेत, पुढच्या पोराच्या. डाव्या टाचेला खोल उभी भेग, तिच्यात मोहट्याचं तेल भरलेलं. त्या तेलाचा उग्र वास तुमच्या नाकात बसला आहे. पोरगा तुमच्याच वाडीचा, विशीही न गाठलेला. मघाशी दोरांची माळ कातळाला लावली तेव्हा तो तुमच्या पुढे घुसला होता. आता वरून कुजबुजतो, "दादा, खाली नको बघूस."

तुम्ही बघत नाही. कानांनी मात्र सगळं कळतं. खालच्या माणसांच्या धापा, कुठेतरी ढाल कड्याला घासल्याचा आवाज, एक खडा सुटून कारवीत जातो त्याची सळसळ. वर शांत आहे. त्या शांततेनेच तुमच्या पोटात गोळा येतो. वर मोगलांचा किल्लेदार आहे, मनोहरदास गौड, राजपूत, आणि त्याच्याबद्दल छावणीत एकच गोष्ट बोलली जाते: हा माणूस गाफील राहत नाही.

पाच वर्षांपूर्वी, १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, त्यांत माहुली गेली. यंदा शिवाजी महाराजांनी तह मोडला आणि एकेक गड मागायला सुरुवात केली. याच महिन्यात, ४ तारखेच्या रात्री, तिकडे कोंढाण्याच्या कड्यावर तानाजी मालुसरे अशाच दोरांनी चढले. ते पडले, गड आला. दोर तेच, काळोख तोच, माणसंही त्याच मातीची. मग इथे निकाल वेगळा का लागावा?

पुढच्या टाचा थांबतात.

वर एक मशाल पेटते. मग दुसरी. मग सगळा काठच एकदम पेटल्यासारखा उजळतो, आणि तुम्हाला त्या उजेडात प्रथमच दिसतं की तुम्ही किती उंच आला आहात. पहिला धोंडा तुमच्या शेजारच्या माळेवर येतो. तो पडल्याचा आवाज मागाहून येतो, आधी माणसांचा येतो. बाण, गोळ्या, उकळतं काहीतरी, पुन्हा धोंडे. वर पोचलेल्यांच्या तलवारींचा खणखणाट थोडा वेळ ऐकू येतो आणि बंद होतो. पोराच्या टाचा एकदा हवेत झटकतात. तेलाचा वास जातो. मग तुमच्या मुठीतला दोर अचानक हलका होतो, वरून कुणीतरी तो कापला आहे.

तुम्ही मरत नाही. कारवीच्या दाट जाळीने तुम्हाला एका कपारीत झेललं आहे. उजाडेपर्यंत तुम्ही तिथे पडून राहता आणि आजूबाजूचे आवाज एकेक करून गप्प होत जातात, तेही ऐकता.

या लढाईत हजारभर माणसं गेली असं इतिहासग्रंथ सांगतात. हजार हा आकडा वाचताना सोपा आहे. तुम्ही सकाळी छावणीत परत येता तेव्हा तो आकडा न पेटलेल्या चुलींच्या रूपात दिसतो.

लांबून तुम्हाला महाराज दिसतात. याच महिन्यात त्यांच्या जन्माला चाळीस वर्षं होताहेत. ते वर बघत आहेत. हा गड त्यांनी कोवळ्या वयात पाहिला असावा. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा डाव याच माहुलीवर मांडला होता; खानजमान आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांचा वेढा पडला, शेवटी गड द्यावा लागला आणि निजामशाही संपली. जिजाबाई आणि सहा वर्षांचा शिवबाही तेव्हा वरच होते असं म्हणतात. ते खरं असेल तर या डोंगराने या माणसाला दोनदा हार दाखवली, एकदा बापाची आणि एकदा स्वतःची.

आणि आता तो हुकूम येतो ज्यासाठी मी तुम्हाला या रात्रीत आणलं आहे. वेढा उठवा.

पुन्हा चढा, असा हुकूम येत नाही. कोंढाणा पडला मग हा का पडत नाही, म्हणून उरलेल्यांना त्याच कड्याखाली ढकललं जात नाही. गडावरचा माणूस जागा आहे, हे मान्य करून फौज हलते. तुमच्या छातीत संताप आहे, पोराच्या टाचा डोळ्यांपुढून जात नाहीत, तुम्हाला स्वतःला परत चढायचं आहे. तरी तुम्ही हलता. मला महाराजांच्या साऱ्या लढायांत ही सकाळ फार मोठी वाटते. मी हे लिहितो तेव्हा काहींना वाटेल की थोर माणसाची हार कशाला उकरायची. मला उलट वाटतं. हार लपवली की हा हुकूमही लपतो.

सिनेमाने तो लपवलाच आहे. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूक 'सिंहगड' केला, तेव्हापासून कोंढाण्याचा कडा पडद्यावर कितीदा तरी चढून झाला. २०२० मध्ये 'तान्हाजी' आला, २०२३ मध्ये 'सुभेदार'. त्याच महिन्यातली माहुली, तोच दोर, तोच काळोख, माझ्या पाहण्यातल्या एकाही चित्रपटात नाही.

तुम्ही डोळे मिटता. उघडता तेव्हा हाताला लाल माती लागलेली असते.

ही माहुलीखालच्या शहापूरची तांबडी माती नाही. ही कोरडी, पिठासारखी, वाऱ्यावर उडणारी आहे. चारी बाजूंना सपाट वाळवंटातून लाल दगडाचे प्रचंड खांब उठले आहेत. क्षणभर तुम्हाला नवरा-नवरीच वाटतात, पण इथे एक झाड नाही, एक करवंदीची जाळी नाही. अमेरिकेतली मॉन्युमेंट व्हॅली, साल १९४७. जॉन फोर्ड नावाचा दिग्दर्शक 'फोर्ट अपाची' चित्रित करतो आहे. तुम्ही बसला आहात ती जागा कॅमेऱ्याच्या मागची नाही. तुम्ही खडकाच्या आड, नावाहो लोकांमध्ये आहात. चित्रपटात ते अपाची होणार आहेत. एकाच्या हाताला तंबाखूचा वास आहे, दुसरा घोड्याच्या मानेवरची धूळ झाडतो आहे. तुम्हाला इथेच बसवायचं मी मुद्दाम ठरवलं. शहापूर-मुरबाडच्या माणसाने हे चित्रपट पाहताना घोडदळाच्या रांगेत उभं राहायची सवय लावून घेतली आहे, आणि डोंगराच्या वर, पाण्याच्या जागा आणि चोरवाटा माहीत असलेली माणसं बसली आहेत ती तर आपली महादेव कोळ्यांची, ठाकरांची, कातकऱ्यांची जागा आहे.

खाली खिंडीत घोडदळ येतं. चार-चारच्या ओळी, पुढे लेफ्टनंट कर्नल ओवेन थर्स्डे. हे काम हेन्री फोंडा करतो आहे, आणि माझ्या मते सगळ्या वेस्टर्न चित्रपटांत चुकणारा सेनानी इतक्या बारकाईने कुणी उभा केलेला नाही. थर्स्डे दुष्ट नाही. लाचखाऊ नाही. मुलीवर त्याचं प्रेम आहे. यादवी युद्धात तो जनरल होता, आता हुद्दा उतरवून त्याला या कोपऱ्यातल्या ठाण्यावर टाकलं आहे आणि ही बोच तो पोटात घेऊन आला आहे. त्याला एक मोठा विजय हवा, इतका मोठा की पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना तो छापावा लागेल. अपाचींशी लढण्यात नाव नाही असं त्याला वाटतं. मग कोचीससारखा नावाजलेला नायक हाती लागणार म्हटल्यावर त्याचे डोळे चमकतात.

त्याच्याखाली कॅप्टन यॉर्क आहे, जॉन वेन. यॉर्कला हा मुलूख माहीत आहे. सरकारी एजंट मीचम अपाचींना दारू आणि निकस माल विकून नागवतो, म्हणून कोचीस आपली माणसं घेऊन सीमेपलीकडे मेक्सिकोत गेला आहे. यॉर्क त्याच्याकडे जातो, शब्द देतो, कोचीस त्या शब्दावर परत येतो. आणि थर्स्डे तो शब्द मोडून त्याच्यावर फौज घालतो. यॉर्क विनवतो की खडकांच्या मागे माणसं आहेत, हे खिंडीत जाणं आत्महत्या आहे. थर्स्डे त्याला भित्रा ठरवून सामानाच्या गाड्यांपाशी मागे ठेवतो.

तुम्ही खडकाच्या मागे आहात, तुम्हाला माहीत आहे यॉर्क बरोबर आहे. धूळ जवळ येते. बिगुल वाजतो. चार-चारच्या ओळी सरळ खिंडीत शिरतात आणि तुमच्या शेजारचा माणूस बंदुकीला गाल लावतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असलेलं. थर्स्डे घोड्यावरून पडतो, यॉर्क त्याला आपला घोडा देतो, आणि थर्स्डे पळून जाण्याऐवजी आपल्या मरणाऱ्या माणसांकडे परत जातो. इथे फोर्ड तुम्हाला त्याच्याबद्दल आदर वाटू देतो आणि तरीही त्याची चूक एका तसूनेही कमी करत नाही. मग काही काळ लोटतो. यॉर्कच्या खोलीत पत्रकार बसले आहेत, भिंतीवर थर्स्डेची तसबीर आहे. एक जण त्या हल्ल्याच्या भव्य चित्राचं कौतुक करतो. ते चित्र खोटं आहे, यॉर्कला माहीत आहे, प्रेक्षकाला माहीत आहे. यॉर्क म्हणतो, हो, अगदी तसंच झालं.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. दिग्दर्शक खोट्याच्या बाजूने उभा राहिला असं वाटलं. आता वाटतं, त्याने खोटं बोलणाऱ्याला दाखवण्याआधी दीड-दोन तास खरं काय ते आपल्याला दाखवून ठेवलं. तसबीर भिंतीवर राहिली, पण चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस साक्षीदार होऊन बाहेर पडला.

या कथेमागे खरा माणूस आहे, जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी त्याने आपली पलटण तुकड्यांत वाटली, समोर सू आणि चेयेन लोकांची किती मोठी वस्ती आहे याचा अंदाज न घेता चढाई केली, आणि त्याच्याबरोबरची दोनशेवर माणसं त्याच्यासकट संपली. त्याची बायको एलिझाबेथ त्यानंतर सत्तावन्न वर्षं जगली, १९३३ पर्यंत. तिने पुस्तकं लिहिली, नवऱ्याचं नाव जपलं. १९४१ मध्ये एरॉल फ्लिनने कस्टर केला तो हुतात्मा होता. १९७० च्या 'लिटल बिग मॅन'मधला कस्टर चढेल, भ्रमिष्ट होता. मधल्या काळात अमेरिका बदलली, व्हिएतनाम झालं, पुतळ्याचा रंग बदलला. दोन्ही वेळा पुतळाच होता. थर्स्डे तेवढा माणूस आहे.

धूळ बसते. नावाहो माणसं उठून जेवायला जातात. आणि तुम्ही, वाटेत एक डोकावणं म्हणून, नेसरीच्या खिंडीकडे बघता.

२४ फेब्रुवारी १६७४. सरनोबत प्रतापराव गुजर. आदल्या वर्षी उमराणीला त्यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं होतं आणि शरण आला म्हणून सोडून दिलं. खान परत उलटला. महाराजांनी कडक शब्दांत दोष दिला. तो शब्द प्रतापरावांना इतका लागला की खान समोर दिसताच फौज मागे राहिली आणि ते सहा स्वारांनिशी त्याच्यावर गेले. सातही गेले. मराठी माणसाच्या घशात आजही या गोष्टीने आवंढा येतो. कुसुमाग्रजांच्या कवितेने ती घराघरांत नेली. रणनीती म्हणून ही चूकच होती, सेनापती गेला आणि फौज पोरकी झाली. पण थर्स्डेने आपल्या मानासाठी पलटण नेली, प्रतापरावांनी आपल्या चुकीची किंमत स्वतःच्या आणि सहा जणांच्या जीवाने चुकवली. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. या घटनेवर कुणी चित्रपट केला तर त्याने उमराणीपासून सुरुवात करावी, खान हात जोडून उभा आहे आणि प्रतापरावांना त्याची दया येते आहे तिथून. नुसत्या सात घोड्यांपासून सुरुवात केली तर प्रेक्षकाला वेग दिसेल, माणूस दिसणार नाही.

आता थंडी.

मुरबाड तालुका, सिद्धगडाचं रान. २ जानेवारी १९४३, उजाडायला थोडा वेळ आहे. अमावस्या चार दिवसांवर आहे, चंद्राची कोर नुकती कुठे डोंगराच्या वर आलेली. म्हसा गावची जत्रा पौष पौर्णिमेला, अजून अठरा-एकोणीस दिवस अवकाश. एरवी या दिवसांत इथे तिच्याच गोष्टी चालतात, कुणाला बैल घ्यायचा, कुणाला घोंगडी. तुम्ही पालापाचोळ्यावर घोंगडी अंगावर ओढून पडला आहात. शेकोटी विझू दिली आहे. धूर दिसायला नको.

शेजारी माणसं झोपली आहेत, त्यांत एक वकील आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचा, नाभिकाच्या घरात जन्मलेला, माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झालेला. सगळे त्याला भाई म्हणतात. महिन्याभरापूर्वी त्याने तिशी पुरी केली. या मुलखात त्याची ओळख बंदुकीने झालेली नाही, धान्याने झाली. सावकाराच्या दारात पेरणीच्या वेळी धान्य उसनं घ्यायचं आणि सुगीला पिढ्यान्पिढ्या फेडत राहायचं, या फेऱ्यातून शेतकऱ्याला काढायला त्याने धान्याची कोठी उघडली. पोरांसाठी शाळा काढल्या. पडद्यावरचा मीचम एजंट जे करत होता, ते करणारी माणसं इथेही होती, आणि त्यांच्या विरुद्ध आधी वहीपेन्सिल आणि पायली उभी राहिली. बंदूक फार नंतर.

'चले जाव'चा १९४२ चा ऑगस्ट आला, पुढारी पकडले गेले, भाई भूमिगत झाला. त्याने उभा केला तो आझाद दस्ता. तुम्ही या दस्त्यात आहात. पावसाळ्याच्या अखेरीपासून तुम्ही रात्री-अपरात्री चालत जाऊन मुंबईला वीज नेणारे लोखंडी मनोरे पाडले आहेत. करवतीचे फोड अजून तळहाताला आहेत. मनोरा पडताना आधी कुरकुरतो, मग तारा ताणल्याचा लांब आवाज येतो, आणि मग तुम्ही पळता. दूर मुंबईत गिरण्यांचे साचे थांबतात असं भाई सांगायचा. तुम्ही गिरणी पाहिलेली नव्हती, पण साचा थांबल्याचा आवाज तुमच्या मनात तयार होता.

सरकारने भाईच्या डोक्यावर इनाम लावलं. दस्ता विरळ होत गेला. हेही चित्रपटात यायला हवं असं मला वाटतं: थंडी, अपुरी भाकर, कोण कधी फुटेल याची धास्ती, घरच्यांच्या आठवणीने माघारी गेलेली माणसं आणि त्यांना दोष न देणारी राहिलेली माणसं. तुमच्यापैकी कुणी म्हणालंही असेल की एकाच रानात फार दिवस राहणं बरं नाही. भाईने काय उत्तर दिलं असतं ते मी तुमच्या कानात घालणार नाही. मी तिथे नव्हतो.

पालापाचोळा वाजतो. रानडुक्कर असं वाजत नाही, बूट वाजतात. हॉल नावाचा इंग्रज पोलीस अधिकारी सशस्त्र पोलीस घेऊन रानात शिरला आहे. तुमचा ठावठिकाणा त्यांना कळला आहे.

गोळ्या सुरू होतात तेव्हा अजून झुंजुमुंजू आहे. हिराजी पाटील पडतो. शेतकऱ्याचा पोर, बाप गोमाजीही याच चळवळीतला. तुम्ही खडकाआड आहात, मघाच्या लाल खडकाआड बसला होता तसेच. फक्त आता वरून नेम धरणारे तुम्ही नाही. भाईला गोळी लागते, तो जखमी होऊन पडतो. पळायची वाट आहे, ओढ्याने खाली उतरता येईल, आणि काही जण उतरतातही. मग हॉल चालत जवळ जातो. जखमी माणसावर त्याने अगदी जवळून गोळी झाडली, असं या डोंगराच्या आसपासची जुनी माणसं सांगत आली आहेत. ती गोळी तुम्ही ऐकता. बाकीच्या गोळ्यांपेक्षा ती वेगळी वाजते, कारण तिच्यानंतर दुसरी वाजत नाही.

वेस्टर्नच्या चौकटीत हॉल म्हणजे सरहद्दीवर कायदा आणणारा अधिकारी. त्याच्या बाजूने चित्रपट काढला तर पहाट, धुकं, शूर शिपाई, मारला गेलेला दरोडेखोर, सगळं जमून येईल. १९४३ मध्ये सरकारदरबारी गोष्ट बहुधा तशीच सांगितली गेली असणार. थर्स्डेच्या तसबिरीसारखी तीही भिंतीवर लागली असती. लागली नाही, कारण इथे खडकाआडची माणसं जगली आणि बोलली. दर वर्षी १ जानेवारीच्या रात्री सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात, २ तारखेच्या पहाटे हुतात्मा स्मारकापाशी मशाल पेटते. २०२० मध्ये 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी चित्रपटही आला. मुरबाड-कर्जतच्या माणसांना आपली झाडी पडद्यावर बघायला मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

तुम्ही विचाराल, भाई चुकला का? त्या रानात थांबण्यात चुकला असेल. पण तो त्याच पाल्यावर झोपला होता ज्यावर तुम्ही झोपलात. त्याने कुणाला सामानाच्या गाड्यांपाशी मागे ठेवून स्वतःसाठी तसबीर काढून घेतली नाही. सेनानीची चूक मोजताना मी हे पहिलं बघतो: धोंडा आला तेव्हा तो कुठे उभा होता, आणि त्यानंतर त्याने काय केलं. म्हणूनच माझं मन पुन्हा माहुलीकडे जातं. मरणाने चुकीचा हिशेब पुरा होतो. माहुलीच्या सकाळी ज्याने वेढा उठवायला सांगितलं, त्याला जगून तो हिशेब पुरा करायचा होता.

तर पुन्हा एकदा दोर हातात घ्या. या वेळी चढायचं नाही.

जून १६७०, महिन्याचा मध्य. पाऊस घाटमाथ्यावर येऊन थांबला आहे, हवा इतकी जड की घोड्यांच्याही अंगावर घाम. चार महिन्यांत पुष्कळ घडलं. किल्लेदार मनोहरदास आता वर नाही. त्याने फेब्रुवारीत गड राखला, पण महाराज पुन्हा येणार हे त्याला कळलं होतं. त्याने पद सोडलं आणि त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. शत्रूतल्या चांगल्या सेनानीला आपल्या गोष्टीत नेहमीच थोडी जागा मिळते; मनोहरदासाला मी जास्त देईन. फेब्रुवारीच्या त्या रात्री जागा असलेला तो एकटा माणूस पुरेसा ठरला होता, आणि आता तो नाही हे हेरायला महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे पुरेसे ठरले आहेत.

तुम्ही मोरोपंतांच्या फौजेत आहात. लढाई होते. तिच्याबद्दल मी फार सांगणार नाही, विजयाची लढाई तुम्ही पडद्यावर शंभरदा पाहिली आहे. अलावर्दी बेग मारला जातो. माहुली, तिच्या दोन्ही अंगांचे पळसगड आणि भंडारगड, तिन्ही स्वराज्यात येतात. शिंगं वाजतात, कुणीतरी निशाण चढवतं, पाऊस कातळावर टपटपायला लागतो आणि माणसं तोंडं वर करून उभी राहतात.

तुम्ही त्या गर्दीत थांबत नाही. महादरवाज्याकडून, देवड्यांच्या बाजूने, काठाकाठाने चालत त्या जागी येता. रात्रीच्या काळोखात पाहिलेली जागा दिवसा ओळखू येणार नाही अशी तुम्हाला भीती होती, पण येते. काठाच्या दगडावर दोर घासल्याचा घाव आहे. तिथे तुम्ही पालथे पडता आणि खाली बघता, त्या रात्री बघितलं नव्हतं तेवढं सगळं. कारवी पोपटी झाली आहे. कपार दिसते, जिने तुम्हाला झेललं ती. तिच्याही खाली, जिथे नजर पोचते तिथपर्यंत, तुम्ही एक पाय शोधत राहता, डाव्या टाचेला उभी भेग असलेला. पाऊस वाढतो. मागून कुणीतरी हाक मारतं, "दादा, चला, गूळ वाटताहेत."